उपाशी कड्याची वाट

सहलीचा बेत हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल आणि तो येणे स्वाभाविक आहे. त्यातून कामगार संघटनेत वर्षे घालविलेल्या माणसाने संप, बोनस आणि टाळेबंदी यांवर बोलायचे सोडून अमेरिकेतील एका राज्य-उद्यानातल्या घळी आणि धबधबे यांविषयी बोलावे, हे तर अधिकच चमत्कारिक वाटेल. पण श्रोतेहो, सहलीचा बेत आखायला माणूस बसला म्हणजे त्याला तीन गोष्टी आधी लागतात. पहिली सुट्टी, दुसरी जागा आणि तिसरी वाट. शिदोरी, काठी, पाण्याची बाटली हे सारे मागाहून. आता सुट्टी काही आकाशातून पडत नाही. जागा कोणाची तरी असते. आणि वाट कोणीतरी बांधलेली असते. या तीन गोष्टी कोठून आल्या याचा शोध घेऊ लागले, की सहलीच्या बेताचा इतिहास होतो. आज तोच इतिहास आपणापुढे मांडावयाचा आहे.

त्यासाठी जे ठिकाण मी निवडले आहे त्याचे नाव ‘स्टार्व्ह्ड रॉक’. मराठीत त्याला ‘उपाशी कडा’ म्हणू. हे नाव का पडले ते पुढे येईलच. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या नैऋत्येस सुमारे १५० किलोमीटरवर, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठाला हे उद्यान पसरले आहे. क्षेत्र सुमारे २,६०० एकर. इलिनॉय हा मुलूख मोठा सपाट. मैलच्या मैल मका आणि सोयाबीन यांची शेते, दृष्टीला कोठे अडथळा नाही. अशा मुलखात नदीपाशी येताच जमीन एकाएकी दुभंगते, उभे कडे दिसू लागतात आणि त्या कड्यांत एकामागून एक अशा १८ घळी लागतात.

या घळी कशा झाल्या हे समजून घेतल्याशिवाय तेथला बेत नीट आखता येत नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी. आपला सह्याद्री हा लाव्हा थिजून झालेला काळा, कणखर पाषाण. तिकडचा खडक अगदी निराळा. तो वालुकाश्म आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठी साठलेल्या वाळूचा झालेला. भूगर्भशास्त्रात त्याला ‘सेंट पीटर वालुकाश्म’ म्हणतात. हिमयुगाच्या अखेरीस उत्तरेकडच्या हिमस्तरांचे पाणी प्रचंड पुरांच्या रूपाने वाहत आले आणि त्याने इलिनॉय नदीचे खोरे खोल खरवडून काढले. मुख्य नदी खोल गेली, तेव्हा तिला मिळणारे लहानसहान ओढे उंचावर टांगल्यासारखे राहिले. तेही मग हा मऊ खडक कापीत खाली उतरू लागले. जेथे ओढा कड्यावरून खाली पडतो तेथे धबधबा, आणि पडत पडत जो मागे सरकला तेथे त्याच्यापुढे घळ. खडक इतका ठिसूळ आहे की हाताने घासला तरी वाळू सुटते. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता बेत. पहिला प्रश्न ऋतूचा. हे धबधबे बारमाही नव्हेत. पावसाच्या आणि वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर ते जगतात. तेव्हा मार्चअखेरीपासून मेपर्यंतचा वसंत हा तिकडे जाण्याचा उत्तम काळ. त्यातही चांगला पाऊस होऊन गेल्यावरचे एक-दोन दिवस. उन्हाळा सरत आला की पुष्कळ ठिकाणी नुसती ओली भिंत उरते. कडक हिवाळ्यात पडते पाणी थिजून बर्फाचे खांब उभे राहतात, आणि ते पाहायलाही लोक जातात. दुसरा प्रश्न अंतराचा. साऱ्या पायवाटा मिळून १३ मैल, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. त्या एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. सकाळी लवकर निघावे, कारण सुट्टीच्या दिवशी तेथे गर्दी उसळते. अलीकडच्या काही वर्षांत वर्षाला २० लाखांहून अधिक माणसे येऊन गेली आहेत. प्रथम त्या उपाशी कड्यावर चढावे. नदीपासून तो सुमारे १२५ फूट उंच आहे आणि वर जायला लाकडी जिने आहेत. तेथून उतरून जवळच असलेली ‘फ्रेंच’ घळ पाहावी. पुढे पूर्वेकडे मैलभरावर ‘वाइल्डकॅट’ घळ लागते. तेथला धबधबा सुमारे ७० फुटांचा, उद्यानातला सर्वांत उंच. आणखी मैलभर गेले की ‘ला साल’ घळ. तेथे कडा आत वळलेला असल्याने पडत्या पाण्याच्या पाठीमागून चालत जाता येते. येथून नदीकाठच्या वाटेने परतले, की चार-पाच मैलांची चाल होते आणि अर्धा दिवस सरतो. दुपारी पूर्व टोकाच्या ‘कास्कास्किया’ आणि ‘ऑटवा’ या घळी, किंवा दक्षिणेला काही अंतरावर असलेले ‘मॅथिसन’ उद्यान पाहता येते. बेत हा एवढाच. शाळकरी मुलानेही कागदावर मांडावा इतका सोपा.

पण घळींची ही नावे पुन्हा एकदा ऐका. कास्कास्किया, ऑटवा, इलिनॉय, पाँटियाक, ला साल, फ्रेंच, टाँटी. काही नावे तेथल्या मूळ लोकांची आणि काही बाहेरून आलेल्या फ्रेंच माणसांची. जागा कोणाची होती, या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या नावांतच आहे.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ साली झाला हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १६७३ साली, जोलिये आणि मार्केत हे दोन फ्रेंच प्रवासी छोट्या होड्यांतून या नदीने वर आले. त्या वेळी कड्याच्या समोर, नदीच्या उत्तर काठाला, इलिनॉय लोकांच्या कास्कास्किया शाखेचे मोठे गाव नांदत होते. मार्केत हा पाद्री. १६७५ साली तो परत आला आणि त्याने तेथे धर्मकार्य सुरू केले. पाद्र्यामागून व्यापारी आले आणि व्यापाऱ्यामागून किल्ला आला, हा क्रम आपल्याला अपरिचित नाही. १६८० साली पूर्वेकडच्या इरोक्वा लोकांनी या गावावर हल्ला करून त्याची धूळधाण केली. त्यामागे मोठे कारण होते ते कातड्यांच्या व्यापाराचे, बीव्हर नावाच्या प्राण्याच्या फरला युरोपात आलेल्या भावाचे. मग १६८२-८३च्या हिवाळ्यात ला साल आणि त्याचा साथीदार टाँटी यांनी या कड्याच्या माथ्यावर लाकडी किल्ला बांधला. तीन बाजूंनी तुटलेला कडा आणि पायथ्याशी नदी. गड बांधायला जागा कशी निवडावी हे मराठी माणसाला सांगायला नको. दहा वर्षांच्या आतच फ्रेंचांनी तो सोडला आणि ते नदीच्या खालच्या अंगाला निघून गेले.

उपाशी कडा हे नाव पडले ते एका दंतकथेमुळे. १७६९ साली ऑटवा लोकांचा थोर पुढारी पाँटियाक याचा एका पेओरिया माणसाने खून केला. पेओरिया ही इलिनॉय लोकांचीच एक शाखा. या खुनाचा सूड म्हणून ऑटवा आणि पॉटावाटोमी यांनी इलिनॉय लोकांवर चाल केली, ते जीव वाचवायला या कड्यावर चढले, खाली वेढा पडला, आणि वर अडकलेली माणसे उपासमारीने मेली, अशी ती कथा. खून झाला हे खरे आहे. वेढ्याला मात्र त्या काळच्या कागदपत्रांत आधार सापडलेला नाही, आणि इतिहासकार तो घडला असे मानायला राजी नाहीत. तरीही कथा टिकली. का टिकली याचा विचार केला पाहिजे. मूळ लोक आपसांत लढून संपले, असे एकदा म्हटले, की जमिनीचा हिशेब देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. प्रत्यक्षात हिशेब कागदावर आहे. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मूळ लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा केला. १८३२ साली या प्रदेशात ब्लॅक हॉकचे युद्ध झाले. १८३३ साली शिकागो येथे तह होऊन पॉटावाटोमी आणि त्यांच्या मित्रजमातींकडून उरलासुरला प्रदेश लिहून घेण्यात आला. आणि १८३५ साली हा कडा सरकारकडून डॅनियल हिट नावाच्या माणसाने विकत घेतला. किंमत ८५ डॉलर. वेढ्याची कथा सांगणारे पुष्कळ आढळतात. या ८५ डॉलरांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

कडा विकला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३६ साली, नदीच्या पलीकडच्या अंगाला कुदळी वाजू लागल्या. शिकागोच्या सरोवरापासून इलिनॉय नदीपर्यंत ९६ मैलांचा कालवा खणण्यास प्रारंभ झाला. खणणारे बहुतेक आयर्लंडातून आलेले गरीब मजूर. यंत्रे नव्हती, कुदळ, फावडे, हातगाडी आणि सुरुंगाची दारू. दलदलीत ताप, पटकी. मध्येच राज्याचा खजिना आटला आणि काम काही वर्षे थांबले. मजुरीच्या जागी पुष्कळदा वचनचिठ्ठ्या हाती पडत, आणि त्या बाजारात दर्शनी किमतीला खपत नसत. आजही ज्याला पगाराऐवजी तारीख मिळते त्याला या चिठ्ठ्यांचे दुःख समजेल. अखेर १८४८ साली कालवा सुरू झाला आणि त्या पाण्याने शिकागोचे भाग्य उघडले. धान्य आणि लाकूड या वाटेने जाऊ लागले. कालव्याच्या टोकाला ला साल आणि पेरू ही गावे वाढली. कोळशाच्या खाणी निघाल्या. १८५८ साली मॅथिसन आणि हेगेलर या दोन तरुण जर्मन भागीदारांनी ला साल येथे जस्ताचा कारखाना काढला. ज्या वालुकाश्मात धबधबे आहेत तोच वालुकाश्म ऑटवा गावापाशी खणून त्याची शुद्ध वाळू काचकारखान्यांना जाऊ लागली. आपण जो खडक डोळे भरून पाहतो, त्याचीच धूळ खाणकामगाराच्या छातीत भरत असते, ही गोष्ट मला येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आता सुट्टीकडे वळू. अशा गावांतल्या माणसांना घळी पाहायला वेळ कोठला? दहा-बारा तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा. इलिनॉय राज्याने १८६७ सालीच आठ तासांचा कायदा केला होता, पण मालक-मजुरांत करार नसेल तरच तो लागू, आणि मोडला तर शिक्षा नाही. दात नसलेला कायदा कसा असतो हे आपण इकडेही पाहिले आहे. म्हणून १ मे १८८६ रोजी अमेरिकेतल्या लाखो कामगारांनी काम बंद केले. त्याचे केंद्र शिकागो. मागणी साधी होती : दिवसाचे तीन सारखे भाग करा, एक कामाला, एक झोपेला आणि एक ज्याचा त्याला. ३ मे रोजी मॅकॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ४ मे रोजी हे मार्केट चौकात सभेच्या अखेरीस बाँब पडला, पोलीस आणि कामगार दोन्ही मेले. आठ पुढाऱ्यांवर खटला झाला आणि बाँब कोणी टाकला हे सिद्ध न होताच ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी देण्यात आली. १८९३ साली राज्यपाल आल्टगेल्ड यांनी हा खटला अन्यायाचा होता असे सांगून उरलेल्या तिघांना मुक्त केले. त्याच स्मृतीने १ मे हा जगाचा कामगार दिन झाला.

त्या काळात आपल्या मुंबईतही हीच लढाई चालली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे अर्ज केले, त्यांत आठवड्याची सुट्टी ही पहिली मागणी होती. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि रविवार मोकळा झाला. रविवारची सहल ज्याला सवयीची झाली आहे त्याने एकदा तरी लोखंड्यांचे नाव घ्यावे. कामगाराला मोकळा वेळ दिला तर तो गुत्त्यात घालवील, असे तेव्हा शिकागोतही म्हटले जात होते आणि मुंबईतही. ज्यांनी स्वतःचा मोकळा वेळ कोठे घालविला हे कोणी कधी विचारले नाही, तेच हे म्हणत होते.

१८९० सालीच तिकडे एक व्यवहार झाला. हिटने तो कडा आणि भोवतालची जमीन फर्डिनंड वॉल्थर नावाच्या माणसास १५,००० डॉलरला विकली. वॉल्थरने हॉटेल बांधले, नाचघर उभारले, पायवाटा काढल्या. रेल्वेने यावे आणि होडीने नदी ओलांडावी, अशी सोय होती. ज्याच्या खिशात पैसा त्याच्यासाठी घळी खुल्या झाल्या. दक्षिणेकडची सुंदर घळ मॅथिसन या जस्ताच्या कारखानदाराने स्वतःच्या मालकीची बाग म्हणून राखली होती. तेथल्या वाटा, पूल, जिने आणि बंधारे बांधायला त्याने सुमारे पन्नास माणसे कामाला लावली होती. मॅथिसन हा उदार गृहस्थ होता, आपल्या गावच्या शाळांना त्याने मोठ्या देणग्या दिल्या, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्या पन्नास माणसांची नावे उद्यानाच्या नावात नाहीत. उदारपणाने दिलेली गोष्ट आणि हक्काने मिळालेली गोष्ट यांत अंतर असते. पहिलीसाठी दाराशी उभे राहावे लागते.

हक्काची गोष्ट झाली ती १९११ साली. त्या वर्षी इलिनॉय राज्याने वॉल्थरकडून सुमारे ९०० एकर जमीन १,४६,००० डॉलर देऊन विकत घेतली आणि १९१२ साली ते राज्य-उद्यान म्हणून लोकांना खुले झाले. ८५ डॉलरचे १५,००० आणि १५,००० चे १,४६,०००. कडा तोच, पाणी तेच. पण या वेळी घेणारा एकटा माणूस नव्हता. राज्य होते, म्हणजे कर भरणारा प्रत्येक माणूस होता. शिकागोत १९०८ पासून शनिवारी दुपारी गावाबाहेर चालत जाण्याच्या सहली निघू लागल्या होत्या. त्या चळवळीत येन्स येन्सन हा डॅनिश माणूस पुढे होता. शहराच्या बागेत साधा मजूर म्हणून तो कामाला लागला, पुढे अधीक्षक झाला, आणि लाचखोरीत सामील व्हायला नकार दिला म्हणून १९०० साली त्याची नोकरी गेली. अशा माणसांनी मोकळ्या निसर्गाचा आग्रह धरला.

त्याच १९११ साली त्याच राज्याने दुसरा एक कायदा केला, आणि माझ्या मते हे दोन कायदे शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत. उपाशी कड्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर चेरी नावाचे खाणीचे गाव आहे. १३ नोव्हेंबर १९०९ रोजी तेथल्या कोळशाच्या खाणीत आग लागली. विजेचे दिवे बंद पडले होते म्हणून रॉकेलच्या मशाली लावलेल्या. खेचरांसाठी नेलेल्या गवताच्या गाडीवर त्यातले जळते तेल ठिबकले. २५९ माणसे आणि मुले मेली. वाचवायला पुन्हा पुन्हा खाली गेलेले बाराजण पाळण्यातच जळाले. आत भिंत घालून बसलेले एकवीसजण आठ दिवसांनी जिवंत निघाले. विधवांना भरपाई द्यायची ती कोणत्या कायद्याने? तसा कायदाच नव्हता. तेव्हा जवळच्या स्ट्रीटर गावचा जॉन विल्यम्स, जो स्वतः खाणीत काम करून शिकलेला आणि संघटनेत वाढलेला, तो मध्ये पडला. इंग्लंडच्या भरपाई कायद्याचे माप लावून त्याने तडजोड घडवून आणली. त्यानंतर दोन वर्षांत इलिनॉयमध्ये कामगार-भरपाईचा कायदा झाला. कामावरून जिवंत घरी येणे, मग मोकळा दिवस मिळणे, आणि मग त्या दिवशी जायला सर्वांची अशी एखादी जागा असणे, ही एकाच जिन्याची पायऱ्यांची ओळ आहे. खालची पायरी नसेल तर वरच्या पायरीवर पाय ठेवता येत नाही.

आता तिसरी गोष्ट, वाट. १९३३ साली या खोऱ्यात तीन घटना एकदम घडल्या. आयरिश मजुरांनी खणलेला जुना कालवा बंद झाला. त्याच्या जागी नदीतच मोठ्या जहाजांचा मार्ग तयार होऊन उपाशी कड्यासमोर नवे धरण पुरे झाले. आणि मंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’, आपण ‘वनसंवर्धन दल’ म्हणू, स्थापन केले. १८ ते २५ वयाचे, अविवाहित, ज्यांच्या घरी सरकारी मदतीवर चूल पेटत होती असे तरुण. महिना ३० डॉलर आणि राहणे-खाणे. त्यांतले २५ डॉलर सरळ घरी पाठवावयाचे. त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत अडीच लाखांवर मुले छावण्यांत दाखल झाली. १९४२ साली दल बंद होईपर्यंत सुमारे ३० लाख. यांतल्याच काही तुकड्या स्टार्व्ह्ड रॉक येथे आल्या. त्यांनी वाटा बांधल्या, पूल टाकले, निवारे उभारले आणि ओंडक्यांचे व दगडाचे मोठे विश्रामगृह बांधले. आजही तेथे लोक मुक्काम करतात.

या दलाला अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी प्रथम विरोध केला होता, ही गोष्ट आमच्या मंडळींना ठाऊक असावी. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष विल्यम ग्रीन यांचा आक्षेप असा, की दिवसाला एक डॉलर हा दर सरकारनेच लावला तर सर्वत्र मजुरी त्याच पातळीला येईल, आणि छावण्या लष्कराच्या हाती दिल्याने कामगाराला शिपाई करण्याचा पायंडा पडेल. हा आक्षेप खोटा नव्हता. रूझवेल्ट यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की यंत्रकामगारांच्या संघटनेचे उपाध्यक्ष रॉबर्ट फेक्नर यांनाच दलाचे प्रमुख नेमले. विरोध मावळला. मुलांना अन्न मिळाले, घरी पैसे गेले, पुष्कळांना छावणीत अक्षरओळख झाली. एवढे श्रेय दिलेच पाहिजे.

पण हिशेब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही मांडावी लागते. शिकागोतून निवडून आलेले ऑस्कर डी प्रीस्ट हे त्या वेळी काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णी सभासद. त्यांनी दलाच्या कायद्यात वंश, वर्ण वा धर्म यांवरून भेद होऊ नये असे कलम घालून घेतले. तरीही १९३५ पासून गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या छावण्या सक्तीने वेगळ्या करण्यात आल्या, आणि हा हुकूम काढणारे फेक्नर हे कामगार पुढारी होते! कायद्यातले कलम एकीकडे आणि अंमल दुसरीकडे. जो पुढारी मजुरीच्या दरावर जागा असतो, तो शेजारच्या पंगतीतल्या भेदावर झोपी जाऊ शकतो. आपल्याकडे गिरण्यांतल्या विणखात्यात दलित कामगारांना जागा नव्हती आणि संघटना त्यावर फारशा बोलल्या नाहीत, हे आठवले की दुसऱ्याला हसण्याचे धैर्य होत नाही.

आणि दलात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी काम होते ते दुसरीकडे. उपाशी कड्यापासून बारा-तेरा किलोमीटरवरील ऑटवा गावात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग देण्याचा कारखाना होता. तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांनी साधून आकडे रंगवीत. रंग निर्धोक आहे असे त्यांना सांगितलेले. त्यांची हाडे आतून पोखरली. कॅथरिन वुल्फ डोनोह्यू हिने राज्याच्या औद्योगिक आयोगापुढे दाद मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये चौकशी चालू असताना ती कोसळली, तेव्हा पुढची साक्ष तिच्या घरी, ती आडवी पडून असताना घेण्यात आली. एप्रिलमध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि जुलैमध्ये ती वारली. कंपनीची शेवटची धाव १९३९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेण्यास नकार दिला. त्या मुलींचा पुतळा ऑटवा येथे २०११ साली उभा राहिला. म्हणून म्हणतो, आपल्या बेतात एक तास ऑटवा गावासाठी ठेवावा. धबधब्याचे पाणी तासभर उशिराने पाहिले तर आटत नाही.

मॅथिसनची खासगी घळ त्याच्या वारसांनी १९४० साली राज्याला दिली आणि तीही सर्वांची झाली. असे हे सारे जमत गेले. आता तेथे नियम आहे, की आखलेली वाट सोडून जाऊ नये. ठिसूळ खडकाचा उल्लेख मी आरंभी केला तो यासाठी. कड्याच्या काठाशी गेलेल्यांचे पाय निसटून मृत्यू झाले आहेत. आणि लाखो पावले वाटेबाहेर पडली तर घळीच झिजून जातील. जे सर्वांचे असते ते कोणी राखायचे नसते, असा आपल्याकडे एक समज आहे. सार्वजनिक नळ, एस.टी.चा थांबा, गडाची तटबंदी यांची जी अवस्था आपण करतो ती या समजामुळे. हक्क मिळविणाऱ्यांना राखणेही शिकावे लागते, आणि हे काम संप करण्यापेक्षा कंटाळवाणे आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

राहिला जागेचा हिशेब. तो अजून मिटलेला नाही, पण त्यात एक नवी नोंद झाली आहे. उपाशी कड्याच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर शॅबोना नावाचे दुसरे एक राज्य-उद्यान आहे. तेथे पॉटावाटोमींचा पुढारी शॅबोना याला १८२९ च्या तहाने १,२८० एकर जमीन राखून ठेवलेली होती. तो आपल्या माणसांना भेटायला पश्चिमेस गेलेला असताना १८४९ च्या सुमारास सरकारने ती लिलावात काढली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यातली १३० एकर जमीन त्या जमातीच्या नावे विश्वस्त म्हणून घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये इलिनॉयच्या राज्यपालांनी ते राज्य-उद्यानच पॉटावाटोमींना परत देण्याच्या कायद्यावर सही केली. १७५ वर्षे लागली. सर्वांची झालेली जागा ज्याची होती त्याला परत देताना, ती लोकांना खुली कशी ठेवायची, हे आता राज्य आणि जमात यांनी मिळून ठरवायचे आहे. दोन न्याय्य हक्क समोरासमोर आले म्हणजे घोषणांनी काम भागत नाही, तेथे वाटाघाटीला बसावे लागते. त्या वाटाघाटींकडे आपण इकडूनही लक्ष ठेवले पाहिजे. कारण आपल्या अभयारण्यांत आणि धरणांच्या काठी हेच प्रश्न उभे आहेत, आणि आपण अजून बसायलाही तयार नाही.

तेव्हा श्रोतेहो, यंदाच्या सुट्टीत आपण कोठेही जा, गडावर जा, लेण्यांना जा, समुद्रावर जा. बेत आखताना गाडीची वेळ आणि शिदोरी यांच्याबरोबर तीन ओळी कागदावर आणखी लिहा : ही सुट्टी कोणी मिळविली, ही जागा कोणाची होती, ही वाट कोणी बांधली. तिन्ही उत्तरे लगेच मिळणार नाहीत. ज्या ओळीपुढची जागा कोरी राहील, तिच्याविषयी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि जे कळेल ते पुढल्या वसंतात या व्यासपीठावर येऊन सांगा. ऐकायला मी खाली बसलेला असेन.